थरांच्या मँगनाइटमधली ऑर्बिटल आणि चुंबकीय रचना एक्स-रेने: के एज मागावी की एल एज?

कातळसडा (रत्नागिरी)

नमस्कार मंडळी. थरांच्या लँथनम-स्ट्रॉन्शियम मँगनाइटवर काम चालू आहे (लँथनम ०.५, स्ट्रॉन्शियम १.५, मँगनीज १, ऑक्सिजन ४). पावडर भाजून झाली आहे. कॉपर ट्यूबच्या डिफ्रॅक्टोमीटरवर खोलीच्या तापमानाला एकच फेज दिसते, पण बॅकग्राउंड फार वर आहे आणि पीक थोडे रुंद वाटतात. फ्लोटिंग झोन भट्टीत वाढवलेला २ मिमीचा एक स्फटिकही मिळणार आहे. त्यावर सिंक्रोट्रॉनच्या (प्रखर एक्स-रे देणाऱ्या प्रवेगकाच्या) बीमटाइमसाठी, म्हणजे तिथे मोजमापाला मिळणाऱ्या वेळेसाठी, अर्ज करायचा आहे.

आपल्याच डिफ्रॅक्टोमीटरवर नमुना थंड करून ऑर्बिटल ऑर्डर (मँगनीजच्या इलेक्ट्रॉन-कक्षकांची ठरावीक रांग) दिसेल का? नसेल तर मँगनीजची के एज (अणूचं शोषण एकदम वाढतं ती एक्स-रेची ऊर्जा, सर्वांत आतल्या कवचासाठी) मागावी की एल एज (तीच, त्याबाहेरच्या कवचासाठी)? (३/४, ३/४, ०) या जागी (कंसात स्फटिकातल्या प्रतलांचे निर्देशांक) पीक सापडलं तर ते ऑर्बिटल ऑर्डरचंच, असं लिहिता येतं का? आणि चुंबकीय सिग्नल त्यातून वेगळा कसा काढायचा? पेपरांमध्ये दोन टोकांची मतं सापडतात, म्हणून विचारते.

भरती_ओहोटी (पनवेल)

आधी बॅकग्राउंडचं बघू. कॉपरची के-अल्फा ८.०५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टची आणि मँगनीजची के एज ६.५४ ला. म्हणजे तुमचा किरण मँगनीजला चेतवतो आणि ५.९ ची फ्लुओरेसन्स सगळ्या कोनांत सारखी पसरते. कोबाल्ट ट्यूब लावून सुटका नाही. तिची ऊर्जा ६.९३, तीही एजच्या वरच. लोखंडाची ट्यूब (६.४०) मात्र एजच्या खाली येते. ट्यूब बदलणं शक्य नसेल तर डिटेक्टरचा खालचा डिस्क्रिमिनेटर (मोजायच्या ऊर्जेची खालची मर्यादा) ७ च्या आसपास चढवून बघा. पीकचे काउंट थोडे घटतील, पण बॅकग्राउंड त्याहून कितीतरी जास्त खाली येईल.

आता ऑर्बिटल ऑर्डर. या संयुगात चार्ज ऑर्डर (मँगनीजवरचा विद्युतभार आलटून-पालटून मांडला जाणं) आणि ऑर्बिटल ऑर्डर सुमारे २१७ केल्विनला येते, अँटिफेरोमॅग्नेटिक ऑर्डर (चुंबकीय घूर्णांची उलटसुलट रांग) सुमारे ११० ला. ऑर्बिटल रांगेत बसले की भोवतीचे ऑक्सिजनही किंचित सरकतात, त्यामुळे साध्या एक्स-रेलाही सुपरलॅटिसचे (मूळ एककाहून मोठ्या पुनरावृत्तीचे) पीक असायला हवेत, आणि असतात. पण ते मुख्य ब्रॅग पीकपेक्षा हजारो ते लाखो पटींनी दुबळे. पावडरमध्ये, त्यातून मँगनीजच्या फ्लुओरेसन्सखाली, ते सापडणार नाहीत. पावडरवर एवढंच करा: ३०० पासून ८० केल्विनपर्यंत ५-५ केल्विनच्या पायरीने ए आणि सी हे लॅटिस स्थिरांक काढा. २१७ जवळ त्यांचा कल बदलताना दिसला तर नमुना ठीक आहे असं समजायला आधार मिळतो.

चुंबकीय पीक साध्या ट्यूबवर दिसल्याचा दाखला आहे. १९७२ साली द बर्जेव्हिन आणि ब्रुनेल यांनी निकेल ऑक्साइडवर तो दाखवला. पण त्यासाठी लागणारा धीर आणि स्फटिक दोन्ही वेगळ्या जातीचे. एक्स-रेची ऊर्जा भागिले इलेक्ट्रॉनची ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, त्याचा वर्ग: ८ ला तो अडीच दशसहस्रांश भरतो. वर अणूतल्या सगळ्या इलेक्ट्रॉनांपैकी मोजकेच बिनजोडीचे, त्याचाही वर्ग. दोन्ही मिळून चार्जच्या सिग्नलच्या दशलक्षांश किंवा त्याहूनही कमी उरतं.

म्हणून पावडरची चुंबकीय रचना हवी असेल तर न्यूट्रॉनकडे वळा. ट्रॉम्बेची ध्रुव अणुभट्टी आपल्या दाराशीच आहे, आणि विद्यापीठांना तिथे यूजीसी-डीएई वैज्ञानिक संशोधन संघाच्या मुंबई केंद्रामार्फत जाता येतं. ५ ते १० ग्रॅम पावडर ठेवा. व्हॅनेडियमच्या डब्यात भरून मोजतात.

स्फटिकासाठी के एज मागा. तिथे ६.५५२ ला रेझोनन्स (सिग्नलची एकदम उसळी) आला आणि तो सिग्मा-पाय चॅनेलमध्ये (पोलरायझेशन प्रकीर्णनाच्या प्रतलाला लंब होतं ते समांतर होतं तो) आला, की ऑर्बिटल ऑर्डर सिद्ध झाली.

सागरवेळ (वेंगुर्ले)

वरच्या उत्तरातलं सगळं पटलं, शेवटचं वाक्य सोडून. या विषयातला मोठा वाद त्याच वाक्याभोवती झाला आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

के एजवर इलेक्ट्रॉन वन-एसमधून फोर-पीमध्ये उडी मारतो. ऑर्बिटल ऑर्डर असते थ्री-डीमध्ये. म्हणजे ज्या कवचाची रचना शोधायची ते या उडीत थेट येतच नाही. १९९८ मध्ये मुराकामी आणि सहकाऱ्यांनी याच संयुगात (३/४, ३/४, ०) चा रेझोनन्स दाखवला तेव्हा फोर-पीच्या पातळ्या थ्री-डीच्या विद्युत प्रतिकर्षणाने फाटतात असा अर्थ लावला गेला. लगेच १९९९ मध्ये दोन स्वतंत्र गणितं आली (एक एल्फिमोव्ह, अनिसिमोव्ह आणि सावात्स्की यांचं, दुसरं बेनफातो, जोली आणि नातोली यांचं). फोर-पी पसरट असते, शेजारच्या ऑक्सिजनपर्यंत पोचते. त्यामुळे सिग्नलचा बहुतेक भाग यान-टेलर विकृतीचा, म्हणजे लांबट झालेल्या ऑक्सिजन-अष्टफलकाचा असतो, असा त्यांचा निष्कर्ष. के एजचं पीक मिळालं तर “ऑर्बिटल ऑर्डरशी सुसंगत विकृती दिसली” असं लिहा. “ऑर्बिटल ऑर्डर थेट मोजली” असं लिहिलंत तर परीक्षक तिथेच बोट ठेवतील, आणि ते बरोबर असेल.

एल एजवर टू-पीमधून थेट थ्री-डीमध्ये उडी. एल३ सुमारे ६४० इलेक्ट्रॉनव्होल्टला, एल२ त्याच्या दहा-बारा वर. चुंबकीय रेझोनन्सही इथे भरघोस मिळतो, के एजवर तो नगण्य. अडचण तरंगलांबीची. ६४० ला ती १९.४ अँगस्ट्रॉम, म्हणजे ९.७ पेक्षा कमी अंतराचं कुठलंही प्रतल तुमच्या आवाक्याबाहेर. याच कारणाने साध्या लँथनम मँगनाइटची ऑर्बिटल ऑर्डर मँगनीजच्या एल एजवर गाठता येत नाही. त्याचा एककच लहान. तुमच्या संयुगात ए ३.८६ अँगस्ट्रॉम धरला तर (१/४, १/४, ०) चं अंतर १०.९ येतं, टू-थीटा (किरण वळतो तो पूर्ण कोन) साधारण १२५ अंश. चुंबकीय (१/४, १/४, १/२) साठी, सी १२.४ धरून, अंतर ९.९९ आणि टू-थीटा १५१ ते १५२. दोन्ही जेमतेम बसतात, पण बसतात. अर्ज करण्याआधी बीमलाइनचा डिटेक्टर १५२ अंशांपर्यंत जातो का, ते नक्की विचारा. बऱ्याच चेंबरमध्ये हात तिथवर पोचत नाही.

आता वेगळं कसं काढायचं. सिग्मा-पायवर विसंबू नका, कारण दोन्ही सिग्नल पोलरायझेशन फिरवतात. द्विध्रुवी चुंबकीय रेझोनन्सला सिग्मा-सिग्मा शून्य असतो, आणि तुमच्या ऑर्बिटल पीकलाही सममितीमुळे तो शून्यच. भेद तीन ठिकाणी सापडतो. पहिलं, जागा: कंसातला तिसरा आकडा ऑर्बिटलचा शून्य, चुंबकीयचा अर्धा. दुसरं, तापमान: एक २१७ ला मरतं, दुसरं ११० ला. तिसरं, अझिमथ: प्रकीर्णन सदिशाभोवती स्फटिक फिरवला की ऑर्बिटलची तीव्रता साइनच्या वर्गाने बदलते. येणाऱ्या किरणाचं पोलरायझेशन सी अक्षालगत असेल तर शून्य, एबी प्रतलात असेल तर कमाल. म्हणून सिग्मा किरणासाठी सी अक्ष प्रकीर्णनाच्या प्रतलात ठेवा. त्याच बसवणीत (१/४, १/४, १/२) सुद्धा गाठता येतं, स्फटिक पुन्हा चिकटवावा लागत नाही. १८० अंशांची आवर्तता पूर्ण दिसेपर्यंत अझिमथ मोजा. दोनच बिंदू मोजून “जुळतं” म्हणू नका.

आणि एल एज मिळाली म्हणजे वाद संपला असंही नाही. एल३-एल२ च्या आकाराचा अर्थ लावायला मल्टिप्लेट गणित (अणूतल्या इलेक्ट्रॉनांची परस्परक्रिया धरून पातळ्या काढणारं) लागतं, आणि त्यात विकृतीचा वाटा वेगळा मोकळा सोडावा लागतो. अर्ज लिहितानाच हे गणित कोण करणार ते ठरवा.

यापेक्षाही महत्त्वाचे आहेत तोतये पीक. के एजवर काम करताना हे तीन आधी बाद करा.

एक, हार्मोनिक. सिलिकॉन (१११) मोनोक्रोमेटर (४४४) मधून चौपट ऊर्जाही सोडतो, म्हणजे २६.२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट. चौपट ऊर्जेला (३/४, ३/४, ०) च्या जागी (३, ३, ०) हे खणखणीत ब्रॅग पीक उभं राहतं. ऱ्होडियमचा आरसा ४ मिलिरेडियनला ठेवला तर साधारण १७ च्या वरचं परावर्तित होत नाही. असे दोन आरसे असतील तर काळजी मिटते. ओळख सोपी आहे: हार्मोनिकचं पीक ३०० केल्विनलाही तसंच असतं आणि एजवर उसळी घेत नाही.

दोन, बहुप्रकीर्णन. दोन अनुमत प्रतलांवरून पाठोपाठ परावर्तन होऊन निषिद्ध जागी पीक येतं. ते अझिमथमध्ये सुईसारखं टोकदार असतं. ०.०५ अंशाच्या पायरीने दोन-तीन अंश स्कॅन करा, सुयांच्या मधली सपाट जागा शोधा आणि तिथेच ऊर्जेचा स्कॅन घ्या. ऊर्जा बदलली की सुया सरकतात, म्हणून ऊर्जा स्कॅनच्या दोन्ही टोकांना जागा मोकळी आहे ना, ते तपासा. हे न केल्यामुळे रेझोनन्सच्या आलेखात खोटे खांदे दिसतात.

तीन, किरणानेच बदललेला नमुना. केंद्रित किरणाखालचा ठिपका सेन्सरपेक्षा काही केल्विन गरम असू शकतो. अ‍ॅटेन्युएटर (किरण मंद करणारा पडदा) लावून पीकची तीव्रता सरळ प्रमाणात घटते का ते बघा. प्रेसिओडिमियम-कॅल्शियम मँगनाइटमध्ये तर ४० केल्विनच्या खाली एक्स-रेनेच चार्ज ऑर्डर वितळते, हे १९९७ पासून माहीत आहे. तुमच्या संयुगात तसं होईलच असं नाही, पण पाच मिनिटांची चाचणी आहे, करून टाका.

चिरेखाण (कुडाळ)

स्फटिकाचं वर आलंच आहे. मला काळजी तुमच्या पावडरची वाटते. पीक रुंद आहेत म्हणालात. लँथनम ऑक्साइड वजन करण्याआधी भाजलं होतं का?

हे ऑक्साइड हवेतली वाफ ओढून हायड्रॉक्साइड होतं, आणि आपल्या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर हवेत ८५-९० टक्के आर्द्रता असते. पूर्ण हायड्रॉक्साइड झालं तर ३२५.८ ग्रॅमचे ३७९.९ होतात. म्हणजे तुम्ही “ऑक्साइड” म्हणून तोललेल्यात लँथनम १४ टक्के कमी. अर्धवट झालं तरी ५-७ टक्क्यांची खोट येते. चार्ज ऑर्डर नेमकी अर्ध्या भरणीवर (लँथनम ०.५, स्ट्रॉन्शियम १.५) पक्की बसते. प्रमाण हललं की पीक रुंद होतात, स्ट्रॉन्शियम वाढलं तर १/४ सारख्या साध्या अपूर्णांकाच्या जागेवरून सरकतातही. तेव्हा बीमलाइनवर (३/४, ३/४, ०) ला काहीच सापडत नाही आणि दोष यंत्राला दिला जातो.

१० ग्रॅमसाठी प्रमाण: लँथनम ऑक्साइड २.५४७ ग्रॅम, स्ट्रॉन्शियम कार्बोनेट ६.९२४, मँगनीज(३) ऑक्साइड २.४६८. लँथनम ऑक्साइड अ‍ॅल्युमिनाच्या क्रुसिबलमध्ये ९५० अंश सेल्सियसला १० तास भाजा. भट्टी २०० पर्यंत उतरली की चिमट्याने थेट डेसिकेटरमध्ये घ्या आणि तासाभरात तोला. खोलीच्या तापमानाला भट्टीत रात्रभर राहू दिलंत तर केलेलं वाया. कार्बोनेट १८० ला रात्रभर वाळवा. मँगनीजसाठी बाटलीतलं डायऑक्साइड थेट वापरू नका, त्यातलं ऑक्सिजन भरवशाचं नसतं. ७०० ला हवेत भाजलं की मँगनीज(३) ऑक्साइड मिळतं. ९०० च्या वर नेऊ नका, तिथे पुढचं ऑक्साइड बनू लागतं. मग खलून, पेलेट दाबून १३०० ते १४०० ला, मध्ये किमान दोनदा पुन्हा खलून.

पावसाळ्यातली आणखी एक गोष्ट, कारण ट्यूब महाग असते. ३० अंश आणि ९० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू २८ अंशांवर असतो. चिलर २० ला ठेवला की ट्यूबच्या आवरणावर पाणी धरतं आणि हाय व्होल्टेजच्या जोडाशी ठिणगी पडते. एसी आणि डीह्युमिडिफायर लावून खोली २४ अंश आणि ५० टक्क्यांवर आणली की दवबिंदू १३ पर्यंत उतरतो. मग चिलर सुरू करा. वीज गेली तर उलट क्रमाने: आधी चिलर बंद.

कातळसडा

लँथनम ऑक्साइड भाजलं नव्हतं, बाटलीतून सरळ तोललं होतं. रुंद पीकचं कारण कळलं. नवी पावडर वरच्या प्रमाणाने करते. चिरेखाण दादा, आभार.

अजून दोन शंका. के एजवर पोलरायझेशन अ‍ॅनालायझरसाठी (विखुरलेल्या किरणाचं पोलरायझेशन वेगळं काढण्यासाठी) कुठला स्फटिक मागायचा? आणि हा सराव एखाद्या सहज मिळणाऱ्या स्फटिकावर आधी करता येईल का? आमच्या सड्यावरच्या जांभ्यात हेमाटाइट भरपूर आहे, ते चालेल?

सागरवेळ

अ‍ॅनालायझरचा नियम असा: त्याचा टू-थीटा ९० च्या जितका जवळ, तितकी नको त्या चॅनेलची गळती कमी. गळती टू-थीटाच्या कोसाइनच्या वर्गाएवढी. ६.५५२ ला तरंगलांबी १.८९२ अँगस्ट्रॉम, म्हणजे १.३४ च्या आसपासचं प्रतल हवं. कॉपर (२२०) चं १.२७८, टू-थीटा ९५.५, गळती ०.९ टक्के. अ‍ॅल्युमिनियम (२२०) चं १.४३२, टू-थीटा ८२.७, गळती १.६ टक्के. कॉपर बरं. अर्जात स्फटिकाचं नाव आणि हा आकडा दोन्ही लिहा.

ऊर्जेचा स्कॅन ६.५२ ते ६.६० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत ०.५ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या पायरीने पुरे. सिलिकॉन (१११) ची स्वतःची ऊर्जेतली रुंदी तिथे ०.९ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास असते, म्हणून ०.५ हून बारीक पायरीने हाती काही लागत नाही. आधी मँगनीजच्या फॉइलवर ६.५३९ लावून घ्या; ऑक्साइडमधला रेझोनन्स त्याच्या १३ इलेक्ट्रॉनव्होल्ट वर दिसतो. फ्लुओरेसन्स सोबतच नोंदवा, शोषणाची दुरुस्ती तिच्याशिवाय करता येत नाही.

जांभ्यातलं हेमाटाइट चालणार नाही. ते गोएथाइटसोबत अतिसूक्ष्म कणांच्या रूपात मिसळलेलं असतं. आपल्याला एकच सलग स्फटिक हवा. पण हेमाटाइटची कल्पना उत्तम आहे. खनिज विक्रेत्यांकडे मिळणारा चकचकीत पैलूंचा नैसर्गिक स्फटिक घ्या. त्यात (००३) आणि (००९) ही चार्जसाठी निषिद्ध पीक लोखंडाच्या के एजजवळ, ७.११ ला, रेझोनन्स दाखवतात, हे १९९२ पासून ठाऊक आहे. कोन (थीटा, म्हणजे टू-थीटाच्या निम्मा) अनुक्रमे ११ आणि ३४.८ अंश. अ‍ॅनालायझर मॅग्नेशियम ऑक्साइड (२२२), टू-थीटा ९१.६, गळती टक्क्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. क्रायोस्टॅटही नको. बहुप्रकीर्णनाच्या सुया ओळखायला याच्याइतकं चांगलं शिक्षण नाही.

ध्रुववर गेलात तर हेमाटाइटची पावडरही सोबत न्या. २६० केल्विनच्या वर चुंबकीय घूर्ण पायाच्या प्रतलात असतात, खाली ते सी अक्षालगत उभे राहतात, आणि न्यूट्रॉनचं (००३) पीक नाहीसं होतं. घूर्णाची दिशा पीकच्या तीव्रतेतून कशी वाचायची ते एका दिवसात डोळ्यांसमोर येतं.

भरती_ओहोटी

सागरवेळ, के एजबद्दलची दुरुस्ती मान्य. माझं वाक्य फार पुढे गेलं होतं.

अर्जाबद्दल थोडं. कठोर एक्स-रेसाठी (के एज) हँबुर्गच्या पेट्रा-३ वरची पी०९ आणि ब्रिटनच्या डायमंडवरची आय१६ या दोन्ही नेमक्या याच कामाच्या बीमलाइन. मृदू एक्स-रेसाठी (एल एज) डायमंडचीच आय१०. इंदूरच्या इंडस-२ वर मँगनीजच्या दोन्ही एजचं शोषण आधी मोजून घ्या. तो आलेख अर्जाला जोडला की परीक्षकांचा विश्वास बसतो. के एजला आठ तासांच्या ९ शिफ्ट, एल एजला १२ च्या खाली मागू नका, कारण मृदू एक्स-रेत व्हॅक्यूम आणि संरेखनातच पहिला दिवस जातो.

स्फटिक कापण्याआधी विचार करा. एल एजवर किरण जेमतेम शंभरेक नॅनोमीटर आत शिरतो, तेव्हा पृष्ठभागच तुमचा नमुना. हे संयुग (००१) वर सहज दुभंगतं, पण तुम्हाला हवा (११०) चा पैलू. लावे पद्धतीच्या एक्स-रे चित्राने दिशा बघून कापायचा, मग डायमंड पेस्टने ३ मायक्रॉनपासून ०.१ पर्यंत उतरायचं. पॉलिशने वरचा थर चिरडला जातो. म्हणून शेवटची पायरी हलक्या हाताने आणि बराच वेळ. २ मिमीचा स्फटिक असेल तर एकदाच चुकायची सोय आहे, आधी त्याच बुलमधला (भट्टीत वाढवलेल्या कांडीतला) निरुपयोगी तुकडा मागवून हात बसवा.

आणि चेंबर थंड करताना आधी बाहेरचं शील्ड गार होऊ द्या, नमुना शेवटी. उलट केलंत तर उरलेली वाफ स्फटिकावरच गोठते आणि ६४० चा सिग्नल तासागणिक घटत जातो. तसं झालं तर २५० केल्विनपर्यंत गरम करून, वाफ पंपाने ओढू देऊन पुन्हा उतरा. मात्र त्यानंतर (१/४, १/४, ०) चं संरेखन नव्याने करावं लागेल, तो वेळ शिफ्टच्या हिशेबात धरा.